मुक्त फुगवटा

निपानियाच्या प्लॉटवर गेंदालाल हातोडा उचलतो,
साडेत्रेसष्ट किलो, पाऊण मीटर,
आणि सोडून देतो.
पहिली वीतभर नळी उतरेपर्यंतचे ठोके
मी हिशेबात धरत नाही.
वरची माती भोक पाडताना बावचळलेली असते,
तिची साक्ष चालत नाही.
मग मोजायचे.
दीड मीटरवर पाच. तीनवर सात.

पागेसाहेब घडीच्या खुर्चीत, डोक्यावर ओला रुमाल.
बँकेतून निवृत्त. नकाशात देवघर ईशान्येला.
"माती चांगली आहे ना हो?"

चांगली म्हणजे काय.
सोयाबीनला विचारा, गव्हाला विचारा,
ते लगेच सांगतील.
घराने विचारलं तर चोवीस तास थांबावं लागतं.

ठोकून काढलेला, नळीत कोंबलेला,
दोन्ही तोंडांवर मेण ओतून गप्प केलेला
असा तो नमुना.
फॉर्मवर त्याचं नाव "अविचल".
सव्वीस वर्षं झाली, अजून हसू येतं.

प्रयोगशाळेत काचेवर ओला गोळा ठेवून
तळहाताने वळते.
आई लग्नघरात गव्हले वळायची ते बोटांच्या टोकांनी,
हे जाड काम, सराफ्यातल्या शेवेएवढं.
तीन मिलिमीटरला आली की तुटली पाहिजे.
आधी तुटली तर पाणी कमी.
तुटलीच नाही तर पुन्हा मळा, पुन्हा वळा.
आणि तुटली त्या घडीला
तिच्यात किती पाणी उरलं होतं
तेवढं तोलायचं.

संध्याकाळी दोन मोजनळ्या.
दोन्हींत दहा-दहा ग्रॅम काळी, वाळवून, चाळून.
एकीत घासलेट, एकीत पाणी.
कुलूप लावून घरी.

घरी, सुदामानगरात, न्हाणीघराचं दार
श्रावणात लागत नाही,
वैशाखात कडी आपोआप निसटते.
सुतार दोनदा रंधा मारून गेला.
दाराचा दोष नाही, मी त्याला म्हटलं,
खाली कधी तहान असते, कधी तट्ट पोट.
तो म्हणाला, बाई, मग मला कशाला बोलावलंत.

सकाळी घासलेटात दहा. जशीच्या तशी,
कुणी हाकच मारली नाही असं तोंड करून.
पाण्यात एकोणीस.

"नव्वद टक्के?
आर्किटेक्ट म्हणाला, पन्नासच्या आत असलं तर
साध्या पायावर भागेल."
थोडं थांबून, "पन्नास लिहिता येणार नाही?"
मी दोन्ही नळ्या खिडकीशी सरकवल्या.
तुम्हीच वाचा.
चष्मा लावून, ओठ हलवत,
नोटा मोजाव्यात तसं त्यांनी दोनदा वाचलं.

"म्हणजे घर खचेल?"
नाही. उचललं जाईल.

बुडणं त्यांना ठाऊक होतं.
बुडीत खात्यांचं टेबल सांभाळलं होतं त्यांनी नऊ वर्षं.
हे उचललं जाणं नवीन होतं.
ते खिडकीबाहेर बघत राहिले.
मग म्हणाले, एकमजलीच बांधतोय.
मी एकटाच राहणार आहे.

हलकं घर जास्त हलतं,
हे मी तोंडाने सांगितलं नाही.
अहवालात लिहिलं, पान चार.

दुपारी दुसऱ्या भोकात, साडेचार मीटरवर,
ठोक्याचा आवाज बदलला.
आधी कणकेत मुठी मारल्यासारखा होता,
आता खलबत्त्यात.
पन्नास ठोके, नळी चार बोटं उतरली.
"बस मॅडम, अब नहीं जाएगी."
टोकाला पिवळा मुरूम, कोरडा,
वरच्या पावसाळ्यांची काही खबर नसलेला.

तिथवर खांब न्यायचे, लिहिलं,
आणि बुडाशी काँक्रीटचा कांदा फुगवायचा,
म्हणजे काळी वर ओढेल तेव्हा
तो खाली अडून बसेल.
खर्चाचा आकडा पागेसाहेबांनी पाठ करून घेतला.

ते गेल्यावर नळ्या धुवायला घेतल्या.
घासलेटाची एका झटक्यात रिकामी झाली.
पाण्याचीला ब्रश लागला, तार लागली,
तरी तळाशी थोडी राहिलीच,
उद्याच्या नमुन्याआधी
ती काढावी लागेल.